बदक पुन्हा पुन्हा लंगडतंय? औषध बदलण्याआधी फरशी आणि पोतं बघा

बदक लंगडायला लागतं, डॉक्टर औषध देतात, आठवडाभरात चाल सुधारते आणि महिना होत नाही तोच परत तेच. पुण्यात हौसेने दोन-चार बदकं पाळणाऱ्यांकडून मी सगळ्यात जास्त ऐकते ती हीच तक्रार. एखाद्या वेळी लंगडलं तर कुठे पाय मुरगळला असेल, मांजर मागे लागलं असेल. पण दुखणं फिरून फिरून येत असेल तर नुसत्या पायाकडे बघून भागत नाही. बदक दिवसभर ज्यावर उभं असतं ती जमीन आणि ज्यातून खातं ते खाद्याचं पोतं, या दोन्हींत कुठेतरी बरेचदा कारण बसलेलं असतं. औषधाने सूज उतरते, पण जमीन आणि पोतं तेच राहतं.

पकडायच्या आधी लांबून बघा

बदक हातात घेतलं की ते घाबरतं आणि चालीचा अंदाज येत नाही. म्हणून सकाळी खुराडं उघडताना बाजूला उभं राहून नीट बघा. सगळी पाण्याकडे धावतात तेव्हा मागे कोण राहतं? एकच पाय उचलून धरलाय की दोन्ही पाय डळमळताहेत? बसून खातंय का? कळपात राहणारा पक्षी दुखणं लपवतो, त्यामुळे तुम्हाला लंगडणं दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं.

एकाच पायाने लंगडत असेल तर जखम, मुरगळ, तळव्याची गाठ किंवा सांध्याचा संसर्ग यांचा विचार आधी करायचा. दोन्ही पाय कमजोर असतील तर खाद्य, विषबाधा, अडकलेलं अंडं किंवा अंगभर पसरलेला आजार. हा नियम पक्का नाही, पण सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

मग उचला, पण पाय धरून नाही. चिकनच्या दुकानात कोंबड्या पाय धरून उलट्या नेतात ते बघून बदकालाही तसंच उचलणारे लोक भेटतात. बदकाचे पाय अंगाच्या मानाने बारीक असतात, त्या एका हिसक्यात सांधा निखळू शकतो. दोन्ही पंख अंगालगत दाबून उचला, काखेत घ्या, खालून हाताचा आधार द्या. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो.

डॉक्टरांशी फोनवर बोलताना हमखास एक घोळ होतो. बदकाच्या पायाचा मागच्या बाजूला वळलेला जो सांधा आपल्याला दिसतो, त्याला सगळे गुडघा म्हणतात. तो घोटा असतो. गुडघा वर पोटालगत, पिसांत झाकलेला असतो. ‘गुडघा सुजलाय’ सांगितलं तर डॉक्टर भलताच सांधा डोळ्यांपुढे आणतील. फोटो पाठवलेला बरा.

तळव्याचा काळा ठिपका

मोठ्या बदकांत फिरून फिरून येणारं लंगडणं म्हटलं की मी आधी तळवा उलटा करून बघते. आमच्या धायरीच्या घरामागे कोबा आहे आणि त्याच्या कडेची वाळू वर येते. गौरी नावाची आमची पांढरी, पेकिन जातीची मादी अंगाने जड. तिचा तळवा ओला असताना नुसता मळका दिसायचा. कोमट पाण्यात भिजवून, मऊ दातांच्या टूथब्रशने हळू घासल्यावर मधोमध मसुराच्या डाळीएवढा काळा, कडक ठिपका उघडा पडला. कडेची कातडी गुलाबी, ताणलेली आणि बोटाला गरम लागत होती. याला बंबलफूट म्हणतात. खरबरीत जमिनीवर तळव्याला बारीक चीर पडते, तिच्यातून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि वर खपली धरते.

बऱ्याच जणांना इथे दाबून पू काढायचा मोह होतो. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, आत त्याचा घट्ट गोळा बनतो. दाबलं तर तो बाहेर येत नाही, उलट संसर्ग खोल जातो. ब्लेडने खपली उकरायचे व्हिडिओ भरपूर आहेत, ते बघून घरी हात चालवू नका. तळव्यात रक्तवाहिन्या आणि स्नायूबंध अगदी जवळजवळ असतात.

ठिपका लहान असेल, सूज नसेल आणि बदक पाय टेकवत असेल तर घरी करण्यासारखं बरंच आहे. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून रोज दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा, पण ते पाणी त्याला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. पाय टिपून पूर्ण कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वर गॉजची लहान घडी ठेवून स्वतःलाच चिकटणारी पट्टी गुंडाळा. बोटं थंड पडली किंवा पडदा सुजला तर पट्टी घट्ट झाली समजायचं. ओली झाली की लगेच बदला. ओली पट्टी पायावर ठेवण्यापेक्षा पट्टी नसलेली परवडली. गाठ वाढत असेल, बोटांपर्यंत सूज गेली असेल किंवा घोटा गरम लागत असेल तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिक त्यांनी दिलं तरच द्यायचं, आणि औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तेव्हाच विचारून घ्या.

हा पाय बरा होतो. पण कोबा आहे तसा ठेवला तर दुसऱ्या पायाला गाठ येते, कारण दुखरा पाय वाचवताना सगळा भार त्या पायावर पडलेला असतो. आम्ही उठण्या-बसण्याच्या जागेवर भोकांच्या रबरी मॅट टाकल्या, रात्रीच्या जागेत भाताचं तूस जाड पसरलं, आणि पाण्याच्या टबातून उतरायची जागा सपाट केली. तो शेवटचा मुद्दा लोक विसरतात. जड बदक रोज विटेएवढ्या उंचीवरून धप्पकन कोब्यावर उतरत असेल तर त्याचे तळवे किती दिवस टिकणार? शहाबादी फरशीची गोष्ट वेगळी. ती गुळगुळीत असल्याने खरचटत नाही, पण पावसात शेवाळ धरते आणि पाय फाकतात. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारच्या कोब्यावर आपण अनवाणी उभे राहू शकत नाही, तर त्यांनी तरी का राहावं? हिरवी जाळी बांधून सावली करा.

पोत्याचा हिशोब

‘ताई, बदक म्हणजे पाण्यातली कोंबडी. जे कोंबडीला तेच याला घाला.’ खाद्याच्या दुकानात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. पण पिल्लांचे पाय वाकडे होण्याची सुरुवात बरेचदा इथूनच होते.

बदकाला नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कोंबडीपेक्षा जास्त लागतं. कोंबडी ट्रिप्टोफॅन या घटकापासून थोडंफार नायसिन अंगातच तयार करते, बदकाला ते तितकं जमत नाही. पेकिन पिल्लाची गरज खाद्याच्या किलोमागे ५५ मिलिग्रॅम धरतात. ब्रॉयलरच्या पिल्लाची ३५, अंड्याच्या कोंबडीच्या पिल्लाची २७. कोंबडीच्या गरजेवर बेतलेलं खाद्य बदकाच्या पिल्लाला कमी पडतं ते असं. त्यातून कोणी नुसत्या मक्याच्या भरड्यावर आणि भातावर पिल्लं वाढवत असेल तर विचारायलाच नको, कारण धान्यातलं नायसिन बरंचसं बांधलेल्या रूपात असतं आणि अंगी लागत नाही. घोटे सुजतात, पाय बाहेर वाकतात, पिल्लू दोन पावलं टाकून बसतं.

उपाय लवकर केला तर फरक लवकर दिसतो. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळणं सोपं आणि सुरक्षित. बेकरीतलं जिवंत यीस्ट मात्र वेगळं, ते घालू नका. पाण्यातून द्यायचं तर लिटरमागे साधारण २५ ते ४० मिलिग्रॅम नायसिन ही पाळणाऱ्यांमध्ये रूढ मात्रा आहे, पाणी रोज नवं. कोलेस्टेरॉलसाठी मिळणाऱ्या, पोटात हळूहळू विरघळणाऱ्या नायसिनच्या गोळ्या यासाठी घेऊ नका. बी-कॉम्प्लेक्सचं सिरप वापरणार असाल तर बाटलीवर निकोटिनामाइड (नायसिनचंच एक रूप) किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा, काहींत ते नावापुरतंच असतं. हाडं एकदा वाकडी होऊन पक्की झाली की नायसिनने सरळ होत नाहीत, म्हणून ‘वाढेल तसं सुधारेल’ या भरवशावर राहू नका.

शेंगदाण्यात नायसिन भरपूर. म्हणून कोणीतरी सुचवतंच, ‘शेंगदाण्याचा कूट घाल की.’ इथे मी हात जोडते. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात, पेंडीत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, आणि पाळीव पक्ष्यांत बदकाचं पिल्लू त्याला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्यांपैकी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की दगावल्या, बदकाची पिल्लंही गेली, आणि शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला त्यातूनच झाली. या विषबाधेतही पिल्लं लंगडतात, तोल जातो, पाय जांभळट पडतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये खाद्याचं पोतं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलं तर तळाचा थर गोळे धरतो. वास कुबट आला, ढेकळं दिसली की पोतं टाकून द्या. उन्हात वाळवून बुरशी वरवर गेल्यासारखी वाटते, पण विष आत तसंच राहतं. पावसाळ्यात लहान पोतं आणा आणि फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा.

कोंबडीच्या खाद्याबद्दल अजून दोन गोष्टी. ब्रॉयलर खाद्यात बरेचदा कॉक्सिडिओसिस या आतड्यांच्या आजारावरचं औषध मिसळलेलं असतं, बदकासाठी बिनऔषधी खाद्य मागा. आणि लेअर खाद्यात, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात, अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम जास्त असतं. ते पिल्लांना आणि नरांना सतत घातलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. मिश्र कळपाला साधं खाद्य घालून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या मादीला हवा ती खाते.

वजनाचं काय? पेकिन ही मुळात मांसासाठी वाढवलेली जात, तिचं अंग पायांच्या आधी वाढतं. पोळी, पाव, भात हे घरातल्या आजी-आजोबांचं प्रेम असतं, ते थांबवणं अवघड, पण वाटाणे आणि पालेभाजीकडे वळवता येतं. बदक टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा.

पायाचं नसलेलं पायाचं दुखणं

अंडी देणारी मादी पाय फाकवून, शेपूट खाली ओढून, अंग उभं धरून चालत असेल आणि पुन्हा पुन्हा जोर करत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्याच्या टबात बसवा, अंधारी शांत जागा द्या, आणि अंडं लवकर बाहेर आलं नाही तर डॉक्टर. तेल लावून बोट घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आत अंडं फुटलं तर जिवावर बेतेल.

दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले, मागोमाग मान टाकली, पापण्या जड झाल्या, तर बोटुलिझमची, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या लकव्याची, शंका घ्या. साचलेल्या, कुजलेल्या पाण्यात किंवा मेलेल्या जनावरावरच्या अळ्या खाण्यातून हे होतं. उन्हाळ्यात टब आठवडाभर न बदलणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. घराचं काम काढलं असेल तर खिळे, वायरीचे तुकडे, सोल्डरचे थेंब बदकाने गिळलेले असू शकतात. चमकणारी वस्तू दिसली की ते चोच मारतंच. शिसं आणि जस्त यांच्या विषबाधेत पाय जातात, शेण हिरवं होतं. त्याला एक्स-रे लागतो.

आणि एकामागून एक बदकं दगावायला लागली, किंवा बऱ्याच जणांच्या नाका-डोळ्यांतून पाणी, सुजलेलं डोकं, तोल जाणं असं दिसलं तर हा पायाचा विषय राहत नाही. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये राज्यात इतरत्र बर्ड फ्लू आला होता. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, कुठे फेकू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

घरातलं दुखीचं मलम

हे वेगळं लिहायला हवं, कारण माया करतानाच नुकसान होतं. डायक्लोफेनॅक पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. गिधाडं जवळपास नाहीशी झाली ती यानेच, आणि २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. घरात कंबरदुखीसाठी असलेल्या बऱ्याच जेलमध्ये हेच असतं. बदकाच्या सुजलेल्या घोट्याला ते चोळलं तर पिसं साफ करताना ते चोचीने सगळं पोटात घेतं. माणसांची वेदनाशामक गोळीही नाही. पक्ष्यांना चालणारी औषधं आहेत, पण वजनावरून मात्रा काढावी लागते, ते काम डॉक्टरांचं.

दवाखान्यात जायच्या आधी फोनवर ‘पक्षी बघता का?’ विचारा. शहरातले बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांचेच. औंधला पशुसंवर्धन खात्याचं सर्वचिकित्सालय आहे, आणि सातारा रस्त्याने पुढे गेलं की शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय. नेताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत टॉवेल. दुचाकीवर पिशवीत लटकावून नाही.

उभं राहता येत नसेल तेव्हा

खरी कसोटी इथे लागते. औषध दिवसातून दोनदा द्यायचं, पण बदक बसलेलं असतं चोवीस तास. सतत बसल्याने छातीच्या हाडावरची कातडी सोलते, खालची पिसं शेणाने चिकटतात, आणि पावसाळ्यात त्या ओल्या पिसांत माश्या अंडी घालतात. अळ्या व्हायला एक दिवस पुरतो. म्हणून दिवसातून दोनदा उचलून पोट आणि गुदद्वाराभोवतीची जागा बघायची, कोमट पाण्याने धुवायची, पंच्याने टिपून पूर्ण कोरडी करायची.

खाली रबरी मॅट, वर जाड टॉवेलची घडी, ओली झाली की बदल. वर्तमानपत्र अजिबात नाही, त्यावर निरोगी पिल्लाचेही पाय फाकतात. पिल्लाचे पाय फाकलेच असतील तर मऊ पट्टीने दोन्ही पाय एकमेकांना त्याच्या नेहमीच्या उभं राहण्याएवढं अंतर ठेवून बांधतात. पहिल्या काही दिवसांत केलं तर चांगला गुण येतो. मात्र घोटा सुजून पाऊल बाजूला वळलं असेल तर स्नायूबंध सरकलेला असू शकतो, तिथे पट्टी बांधत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

झोळीची युक्ती फार कामाची. भाजीची प्लास्टिक क्रेट घ्या. जुन्या सुती साडीचा तुकडा चौपदरी करून तिच्यावर झोळीसारखा ताणून बांधा. पायांसाठी दोन भोकं, मागे शेण पडायला एक. बदक असं ठेवायचं की छाती-पोट कापडावर टेकेल आणि पावलं खालच्या मॅटला जेमतेम लागतील. पावलं लोंबकळत राहिली तर पायांना काही काम उरत नाही, आणि पूर्ण टेकली तर झोळीचा उपयोग नाही. कापड छातीला आवळत नाही ना, ते बोट घालून बघा. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. समोर खाद्य-पाणी ठेवलं की बदक तक्रार न करता उभं राहतं.

पाणी हा त्याहून मोठा आधार. टबात कोमट पाणी इतकंच भरा की बदक तरंगेल आणि पावलं तळाला हलकेच लागतील. अंगाचा भार पाणी घेतं, पाय आपोआप वल्हवायला लागतात. दहा मिनिटं पुरे, आणि तिथून हलायचं नाही. आजारी बदक शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना नीट लावत नाही, मग पिसं पाणी धरतात आणि बदक बुडू लागतं. डिसेंबरच्या पुण्याच्या थंडीत बाहेर काढल्यावर पंच्याने टिपून, घरात उबेला ठेवून वाळवा. जखमेवर पट्टी असेल तर हा व्यायाम डॉक्टरांना विचारून.

पाण्याचं भांडं चोच आणि नाकपुड्या बुडतील इतकं खोल, मान न ताणता पोचेल इतकं जवळ. खाद्य पाण्यात कालवून द्या. एकटं खोलीत बंद ठेवू नका, बदक खाणं सोडतं. जाळीच्या पलीकडे जोडीदार दिसू द्या.

पलीकडेच ठेवा मात्र. लंगड्या मादीवर नर चढतो आणि सांध्याचं वाटोळं होतं. माद्या चार-पाच असतील तर एकच नर बरा. चाल सुधारल्यावरही मादीला आधी एखाद्या शांत मादीबरोबर सोडा, संध्याकाळी परत वेगळी करा, आणि घोटा गरम लागत नाही, तळव्याची नवी कातडी गुलाबी आणि कोरडी आहे, सकाळी पाण्याकडे जाताना ती मागे पडत नाही, हे सलग काही दिवस दिसलं की मगच नराकडचं दार उघडा.